मशीन घरी पोचवले म्हणजे सेवा झाली, असे नाही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका आजींना सरकारी दवाखान्यातून घरी सोडले. आयुष्यभर चुलीपुढे स्वयंपाक केलेला, त्यामुळे फुप्फुसे कमजोर झालेली. डॉक्टरांनी कागदावर सीओपीडी असे लिहून घरी ऑक्सिजन द्यायला सांगितले होते. २०२१ च्या लाटेत आमच्या मंडळाने वर्गणी काढून घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विहाराच्या खोलीत कापडाखाली पडून होते. त्याच संध्याकाळी आम्ही ते आजींच्या घरी पोचवले. बटण कुठे आहे ते दाखवले, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. भराभर जयभीमचे मेसेज आले. आम्हालाही बरे वाटले.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. "दादा, आत्या उठतच नाहीत. चहाला हाक मारली तर डोळे उघडतात न् परत झोपतात. मशीनवर आकडा तर ९८ दाखवतोय."

आम्ही धावत गेलो. ऑक्सिमीटरवर खरोखरच ९८ होते. पण आजी गुंगीत होत्या. १०८ ला फोन करून त्यांना परत दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ऑक्सिजन किती लिटरवर ठेवला होता?" कागदावर २ लिटर लिहिले होते. मशीनचा काटा ५ वर होता. तो आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याने आदल्या दिवशी फिरवला होता. जास्त दिला तर आजींना लवकर आराम पडेल, असे त्याला वाटले.

आजी वाचल्या, घरी आल्या. वाचल्या त्या सुनेमुळे. तिने आकड्यावर विश्वास न ठेवता माणसाकडे पाहिले. त्या दिवसापासून आमच्या मंडळाने एक नियम केला आहे. ज्ञानाशिवाय उपकरण द्यायचे नाही. हा लेख त्या अनुभवातून लिहिला आहे. वस्तीत, गावात काम करणाऱ्या तरुणांना तो उपयोगी पडावा, एवढीच इच्छा.

घर हाच आता दुसरा दवाखाना

आज दवाखान्यात रुग्णाला फार दिवस ठेवत नाहीत. खाटा कमी आहेत आणि खासगी दवाखान्याचे बिल आपल्या लोकांच्या आवाक्याबाहेर आहे. पक्षाघात झालेला, मांडीचे हाड मोडलेला, कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला रुग्ण आठ-दहा दिवसांत घरी येतो. सोबत येते एक पिशवी. त्यात लघवीची नळी, नाकातली नळी, इन्सुलिन, वाफेचे मशीन असे काहीबाही असते. आणि ज्यांनी हे कधी हाताळले नाही त्या घरच्या लोकांवर ते सोपवले जाते. समजावायला नर्सला वेळ नसतो. विचारायला आपल्या लोकांना संकोच वाटतो.

अतिसाराने आजारी पडून स्वतःच्या मलमूत्रात पडून राहिलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदांच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले, हा विनयपिटकातला प्रसंग आपल्याला माहीत आहे. भाषणांत तो आपण नेहमी सांगतो. त्याच ठिकाणी रुग्णाची सेवा करणाऱ्याचे पाच गुणही सांगितले आहेत, ते मात्र फारसे सांगितले जात नाहीत. त्यातला पहिला गुण औषध तयार करता येणे. दुसरा, रुग्णाला काय हितकारक आणि काय अहितकारक हे ओळखता येणे. सेवा लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने करणे, घाणीची किळस न वाटणे आणि रुग्णाला धम्माच्या बोलण्याने धीर देणे हे गुण त्यानंतर येतात. म्हणजे नुसती करुणा पुरत नाही, ज्ञान लागते. आम्ही आजींच्या बाबतीत नेमके दुसऱ्या गुणात कमी पडलो.

दवाखाना सोडण्याआधी विचारायचे प्रश्न

डिस्चार्जच्या दिवशी कुटुंबासोबत एक शिकलेला कार्यकर्ता असावा. त्याने हे प्रश्न विचारून उत्तरे कागदावर मराठीत लिहून घ्यावीत :

– कोणते उपकरण, किती प्रमाणात, दिवसातून किती तास, किती दिवस?
– आकडा कितीच्या दरम्यान असायला हवा? किती झाला की फोन करायचा?
– नळी कधी बदलायची आणि कोण बदलणार?
– रात्री काही झाले तर कुठे न्यायचे?

शेवटी नर्सला विनंती करावी, "ताई, एकदा आमच्या हाताने करून घ्या." पाहिलेले विसरते, हाताने केलेले लक्षात राहते. हा रुग्णाचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

ऑक्सिजन हे औषध आहे

आपल्या भोवतालच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. कॉन्सन्ट्रेटर हवा आत ओढते, झिओलाइट नावाच्या खड्यांमधून ती दाबाने पाठवते. हे खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन बाहेर येतो. त्यामुळे सिलिंडरसारखे ते भरून आणावे लागत नाही. पण वीज गेली की ते बंद पडते.

आता आजींना काय झाले ते समजून घेऊ. सीओपीडीच्या काही रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला तर शरीरातला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, रक्तात साठतो. मग डोके दुखते, गुंगी येते, माणूस बेशुद्ध होऊ शकतो. ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन मोजते. कार्बन डायऑक्साइड त्याला कळत नाही. म्हणून आकडा छान आणि रुग्ण वाईट, असे घडू शकते. निरोगी माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० असतो, पण अशा रुग्णांसाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ हे लक्ष्य ठेवतात. शेजारच्या काकांना चाललेला आकडा आपल्या आजींना चालेलच असे नाही. काटा डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कुणीही हलवायचा नाही. आम्ही आता काट्याशेजारी चिकटपट्टी लावून त्यावर लिटर लिहितो.

ऑक्सिमीटर लावतानाही काळजी हवी. बोट गार असेल, नखाला रंग किंवा मेंदी असेल, हात हलत असेल तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करावा, बोट नीट आत घालावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबावे. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. हे यंत्र त्वचेतून प्रकाश पाठवून मोजते. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होते. म्हणून रुग्णाला धाप लागत असेल, ओठ काळेनिळे दिसत असतील तर आकड्याशी वाद घालत बसू नये.

दुसरा धोका आगीचा. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या सान्निध्यात ठिणगीचा भडका व्हायला वेळ लागत नाही. एका खोलीच्या घरात चूल किंवा गॅस, अंथरूण आणि तथागतांची मूर्ती सगळे एकाच ठिकाणी असते. आजींच्या उशापासून दोन हातांवर मेणबत्ती आणि अगरबत्ती जळत होती, हे आम्ही फोटोतसुद्धा नंतर पाहिले. ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत मेणबत्ती, अगरबत्ती, बिडी, सिगारेट नको. गॅसची शेगडी किमान दहा फूट लांब हवी. वंदना फुलांनी करावी. मेणबत्ती शेजारच्या घरी किंवा विहारात लावावी. नाक कोरडे पडले म्हणून व्हॅसलिन किंवा तेल लावू नये, पाण्यात विरघळणारे मलम डॉक्टरांना विचारून घ्यावे. सिलिंडरच्या तोंडालाही तेल, ग्रीस लागू देऊ नये.

रोजच्या वापरातल्या गोष्टी साध्या आहेत. मशीन भिंतीपासून फूटभर दूर ठेवावे, म्हणजे हवा खेळती राहते. मागची जाळी आठवड्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत भरावे आणि रोज बदलावे. नळी पायात येणार नाही अशी टाकावी. नळीतून वारा येतो की नाही हे पाहायचे असेल तर तिचे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवावे, बुडबुडे दिसतात.

राहिला विजेचा प्रश्न. ५ लिटरचे मशीन साधारण ३५० वॅट वीज घेते. दिवसरात्र चालले तर रोज आठ युनिटच्या वर, म्हणजे महिन्याला सुमारे २५० युनिट. मशीन फुकट दिले तरी बिलाच्या धास्तीने घरचे लोक ते गुपचूप बंद ठेवतात, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून मशीन देतानाच बिलाचे बोलून घ्यावे. मंडळाने त्यातला काही वाटा उचलावा. वीज जाईल तेव्हासाठी भरलेला सिलिंडर घरात असलाच पाहिजे. लहान, म्हणजे बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. २ लिटरने तो बारा तासांच्या आसपास पुरतो, ५ लिटरने पाच तास. हा हिशेब घरातल्या सर्वांना ठाऊक हवा.

बीपी आणि साखर : घाईने घेतलेला आकडा खोटा

बीपीचे मशीन आता बऱ्याच घरांत आहे. पण जिना चढून आलेल्या माणसाच्या हाताला पट्टा गुंडाळून "बाप रे, १७०!" असे म्हणण्यात अर्थ नाही. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. लघवी करून यावे. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या पातळीवर. मधे बोलायचे नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच जास्त येतो. घरी वारंवार १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना वही दाखवावी. १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे असे काही असेल तर वाट पाहू नये. आणि एका दिवशी आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करू नये. तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

बाबासाहेबांना मधुमेह होता आणि त्यांच्या अखेरच्या वर्षांत डॉ. माईसाहेबांनी त्यांची काळजी घेतली, हे आपण जाणतो. आपल्या वस्त्यांत मात्र साखर तपासायची ती पाय काळा पडल्यावर. साखर तपासण्याआधी हात साबणाने धुऊन पुसावेत. केळे सोललेल्या बोटावर साखर तशीच राहते आणि आकडा वाढवते. टोचायचे ते बोटाच्या कडेला, मधोमध नाही. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे, मुदत पाहावी. एकाच सुईने दोघांची तपासणी कधीही करू नये. शिबिरातसुद्धा नाही.

साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, घाबरेपणा सुरू झाला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. श्वासनलिकेत जाते. थेट दवाखाना.

इन्सुलिनबाबत एक चूक फार महागात पडते. आपल्याकडे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले, अशा दोन ताकदींचे इन्सुलिन मिळते. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी नारिंगी टोपणाची. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरले तर अडीचपट डोस शरीरात जातो. बाटली आणि सिरिंज यांवरचा आकडा जुळतो का, हे प्रत्येक वेळी पाहावे. न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात किंवा खालच्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रिज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून, लहान मडके ओल्या वाळूत बसवून त्यात ठेवावी. मातीच्या भांड्याचा गारवा उन्हाळ्यात खरोखर कामाला येतो.

वाफेचे मशीन

नेब्युलायझर म्हणजे सर्दीची वाफ नव्हे. ते औषधाचे बारीक तुषार करून फुप्फुसात पोचवते. औषध आणि त्याचे प्रमाण डॉक्टरांनी लिहून दिलेलेच हवे. नळाचे पाणी त्यात कधीही घालू नये. रुग्णाला टेकवून बसवावे. औषध संपेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे लागतात. स्टेरॉइडचे औषध असेल तर नंतर चूळ भरून तोंड पुसावे, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. कप आणि मास्क रोज धुऊन वाळवावेत. मशीन दहा घरांत फिरले तरी चालेल, मास्क मात्र ज्याचा त्याचा.

अंथरुणाला खिळलेला रुग्ण

पाठीला आणि माकडहाडाला होणाऱ्या जखमा हा अशा रुग्णाचा मोठा शत्रू. एकाच जागी भार पडला की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरते. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबल्यावरही न जाणारा लालसर किंवा काळपट डाग. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. त्यामुळे जागा गरम, कडक किंवा सुजलेली लागते का, हे हाताने पाहावे.

हवेची गादी यावर चांगला उपाय आहे. तिच्यातले फुगे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, त्यामुळे भार एकाच जागी राहत नाही. पण गादी आणली म्हणून कूस बदलणे थांबवायचे नाही. सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी. गादी साध्या गादीवर घालावी, पंप पायाकडे ठेवावा आणि वर एकच पातळ चादर अंथरावी. गोधड्यांचे थर घातले तर तिचा उपयोग संपतो. रुग्णाच्या कंबरेखाली गादीच्या तळाशी हात घालून पाहावा. हाड खाली टेकत असेल तर हवा कमी आहे. पंपावरचा काटा रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावावा. लाल झालेली जागा चोळू नये. स्पिरिट, हळद, पावडर नको. टाचा उशीवर अधांतरी ठेवाव्यात.

लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता अडकवावी. कूस बदलताना ती रुग्णाच्या अंगावर ठेवली तर लघवी उलटी फिरते आणि जंतुसंसर्ग होतो. नळीला पीळ पडू देऊ नये. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी, आधी आणि नंतर हात धुवावेत. तीन-चार तास पिशवीत काहीच उतरले नाही, रक्त दिसले, थंडी वाजून ताप आला तर डॉक्टर. नळी घरी ओढून काढू नये. आत फुगा असतो.

नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने अन्न देताना डोक्याकडची बाजू चांगली उंच हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच ठेवावी. झोपलेल्या माणसाला भरवले तर अन्न फुप्फुसात जाते. नाकाशी नळीवर पेनाने खूण करावी. खूण सरकलेली दिसली, रुग्ण खोकू लागला, गुदमरू लागला तर काहीही न देता डॉक्टरांना फोन करावा. अन्न गाळलेले, कोमट. आधी आणि नंतर थोडे पाणी सोडावे, म्हणजे नळी तुंबत नाही. प्रत्येक गोळी कुटून देता येत नाही, हेही विचारून घ्यावे.

वापरलेली सुई कुणाच्या हातात जाते?

हा मुद्दा आपल्या समाजाने तरी विसरू नये. इन्सुलिनची सुई आपण कॅरीबॅगमध्ये टाकतो. सकाळी ती पिशवी उचलणारा हात बहुतेक वेळा आपल्याच एखाद्या भावाचा, बहिणीचा असतो. हातमोजे नसतात. टोचलेल्या सुईतून काविळीचे विषाणू, एचआयव्ही पसरू शकतात. सुई, लॅन्सेट जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकावे, डबा तीन चतुर्थांश भरला की झाकण पट्टीने बंद करून जवळच्या आरोग्य केंद्रात द्यावा. डायपर, ड्रेसिंगच्या पट्ट्या वेगळ्या कागदात गुंडाळून खूण करून द्याव्यात. आपल्या रुग्णाची सेवा दुसऱ्याच्या जिवावर होता कामा नये.

मशीन बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा तो केव्हा?

– रुग्ण गुंगीत आहे, नेहमीसारखा ओळखत नाही
– धाप वाढली आहे, पूर्ण वाक्य बोलता येत नाही
– ओठ, नखे काळीनिळी पडली आहेत
– छातीत दुखते, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला
– झटका आला, रक्तस्राव थांबत नाही

यातले काहीही दिसले तर १०८ ला फोन करावा. ग्रुपवर आकड्याचा फोटो टाकून सल्ला मागत बसू नये.

सेवा करणारीची सेवा कोण करणार?

आम्ही जितक्या घरांत गेलो तिथे बहुतेक ठिकाणी रात्री उठून कूस बदलणारी बाई होती. सून, मुलगी, बायको. कामावरचा खाडा तिचा, झोप तिची मोडलेली, आणि काही बिघडले तर बोलणेही तिलाच. समतेची भाषा करणाऱ्या घरांतसुद्धा हेच चित्र आहे. आजींची सून आम्हाला म्हणाली होती, "तुम्ही मशीन आणलं ते बरंच झालं. पण मला चार तास झोप आणून दिली असती तर जास्त बरं झालं असतं." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर केरळमध्ये सापडते. कोझिकोड इथे १९९३ मध्ये पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यातून असे काम पसरले की, आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकणारे साधे लोक, त्यात विद्यार्थी, मजूर, दुकानदार असे सगळे, प्रशिक्षण घेऊन शेजारच्या दीर्घ आजारी रुग्णांकडे जाऊ लागले. सोबत नर्स आणि डॉक्टर. पैसा लोकांच्या छोट्या देणग्यांतून. २००८ मध्ये केरळ सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण केले. त्यांच्याकडे यंत्रे आपल्यापेक्षा फार वेगळी नव्हती. फरक होता तो माणसांच्या नियमित येण्याचा. आठवड्यातले दोन तास आपल्या एकेका तरुणाकडे नाहीत असे नाही. आणि हे दोन तास मुलांनीही द्यावेत, फक्त मुलींनी नव्हे. कूस बदलायला, डायपर बदलायला शिकणे ही पुरुषाला कमीपणाची गोष्ट नाही. तथागतांनी ते केले आहे.

विहारात उपकरणांची बँक : आमचे नियम

गेल्या दोन वर्षांत चुका करत करत आम्ही काही नियम ठरवले. कुणालाही ते घेता येतील.

१. सुरुवात साध्या वस्तूंनी करावी. वॉकर, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर, हवेची गादी, वाफेचे मशीन, बीपीचे मशीन. यांची मागणी सर्वांत जास्त असते. ऑक्सिजनचे काम डॉक्टरांचा कागद पाहिल्याशिवाय करू नये.

२. २०२१ पासून पडून असलेले कॉन्सन्ट्रेटर तसेच देऊ नये. पडून राहिल्याने आतले खडे ओलावा धरतात, मशीन आवाज करते, वाराही येतो, पण शुद्ध ऑक्सिजन येतोच असे नाही. मेकॅनिककडून शुद्धता मोजून घ्यावी आणि नंतर अधूनमधून चालवत राहावे.

३. वस्तूसोबत माणूस गेला पाहिजे. शिकलेल्या दोन कार्यकर्त्यांनी पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी जायचे. घरातल्या किमान दोघांकडून, त्यात एक पुरुष, सगळे हाताने करून घ्यायचे.

४. प्रत्येक मशीनला मोठ्या अक्षरांत मराठी कार्ड बांधायचे. त्यावर प्रमाण, तास, आकड्याची मर्यादा, फोन नंबर. वाचता न येणाऱ्यांसाठी चिकटपट्टीच्या रंगाने खुणा करायच्या.

५. परत आल्यावर साबणाच्या पाण्याने पुसून, मग स्पिरिटने पुसून ठेवायचे. नाकातली नळी आणि मास्क प्रत्येक रुग्णाला नवे.

६. नोंदवही आणि जमाखर्च विहाराच्या भिंतीवर सर्वांना दिसेल असा. अनामत जमेल तेवढी. नसेल तर अडवायचे नाही.

७. रुग्णाचा फोटो काढायचा नाही. आजारपणात माणसाची लाज राखणे हीसुद्धा सेवाच आहे.

सगळे मंडळानेच विकत घ्यावे असेही नाही. केंद्राच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र अशी साधने मिळतात. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. त्यात ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी एकवेळ ३००० रुपये देण्याची तरतूद आहे. दिव्यांगांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करून अर्ज भरून देणे हे कार्यकर्त्याचेच काम. आणि नर्सिंग, एएनएम, फार्मसी शिकलेली आपली मुले-मुली आता प्रत्येक गावात आहेत. त्यांना जयंतीच्या मंचावर शाल देऊन थांबू नका. महिन्यातला एक रविवार विहारात शिकवायला बोलवा.

आजी त्यानंतर सव्वा वर्ष जगल्या. शेवटचे काही महिने त्या दारात बसून नातवंडांचा अभ्यास घेत. नाकात नळी, काटा दोनवर. त्या गेल्यानंतर सूनबाई मशीन घेऊन स्वतः विहारात आल्या. पुसून, जाळी धुऊन, कार्डासकट. आज आमच्या वस्तीत नवे मशीन कुणाच्या घरी जाते तेव्हा शिकवायला आधी त्या जातात. पहिले वाक्य त्यांचे ठरलेले असते. "आकडा बघा, पण आधी माणसाच्या तोंडाकडे बघा."